ऐकून घेण्यात आले

शाळेतली मुलं त्यांना तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'पोटकलम'. हे नाव कुणी ठेवलं ते कधीच कळलं नाही, पण ठेवणाऱ्याला माणसाची पारख होती एवढं नक्की. सर भूमिती शिकवत. खिडकी उघडू का, असं एखाद्या मुलाने विचारलं की "कोणत्या कारणास्तव?" हा प्रश्न आधी येई, वारा नंतर. घरी बायकोने ठरलेली भाजी बदलली तरी ते विषयपत्रिकेत नसलेला विषय घेतल्यासारखे ताटाकडे बघत बसत. बायको म्हणायची, "जेवा, नाहीतर पुढच्या सभेत ठेवा."

अशा माणसाला शिक्षक संघटनेने चिटणीस केलं नसतं तरच नवल. बावीस वर्षं ते त्या पदावर होते. संघटनेचं कार्यालय म्हणजे एका छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचा चहा कपात थरथरायचा आणि कुणाशीही बोलायचं तर आवाज चढवावा लागायचा. संघटनेतल्या निम्म्या भांडणांचं मूळ माझ्या मते त्या यंत्रातच होतं, कारण साधं बोलणंही तिथं ओरडल्यासारखं ऐकू येई.

संघटनेची घटना सरांनीच नव्याने लिहून काढली होती. त्यातलं अकरावं कलम हे त्यांचं खास लाडकं. कोणत्याही पदाधिकाऱ्याला पदावरून काढायचं, तर आधी लेखी आरोप द्यायचा, पंधरा दिवसांची मुदत द्यायची आणि 'त्यास समक्ष बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय' निर्णय करायचा नाही. त्यातल्या 'समक्ष' या एका शब्दासाठी सर तीन सभा भांडले होते. लेखी उत्तर पुरेसं आहे, असं बाकीच्यांचं म्हणणं. सर म्हणाले, "कागद उलट प्रश्न विचारत नाही, आणि कागदाचा चेहरा दिसत नाही." शेवटी सगळे कंटाळले आणि कलम मंजूर झालं.

आता या माणसाची एक खोड सांगायला हवी. ती संघटनेत फक्त अध्यक्षांना ठाऊक होती. सर सभेचं इतिवृत्त सभेच्या आधीच लिहून ठेवत.

यात त्यांना काही वावगं वाटत नसे. कार्यकारिणीत काय ठरणार, हे अध्यक्षांनी चार फोन करून आधीच पक्कं केलेलं असे. सभा भरे शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, एका प्राथमिक शाळेच्या वर्गात. सहाला शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राही. मग ते मोत्यासारखं अक्षर काढायचं कधी? म्हणून सर शुक्रवारी मोकळ्या तासाला शिक्षकांच्या खोलीत बसून सगळं सुवाच्य लिहून टाकत. फक्त सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांपुरती जागा सोडत. आणि सभा बहुतेक वेळा त्याबरहुकूम पार पडे. कधी फरक पडलाच, तर तो इतका किरकोळ असे की सर तो मनातल्या मनात माफ करत. भूमितीच्या पेपरात उत्तर आधी लिहून मग वरच्या पायऱ्या जुळवणाऱ्या मुलाला हेच सर शून्य देत, आणि वर पालकांना बोलावत.

त्या वर्षी बदल्यांची यादी लागली आणि शिक्षकांत एकच गलका झाला. संघटनेने ठराव केला, की यादी रद्द होईपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांना कुणीही एकट्याने भेटायचं नाही. जे काही बोलायचं ते पाच जणांच्या शिष्टमंडळाने. आठवड्याच्या आत बातमी आली, की संघटनेच्या उपाध्यक्षा साहेबांच्या खोलीतून एकट्या बाहेर पडताना दिसल्या.

उपाध्यक्षा म्हणजे चित्रकलेच्या बाई. कमी बोलणाऱ्या, बोटांवर कायम कसलातरी रंग. संघटनेचे सगळे फलक त्याच रंगवत. अध्यक्ष व्यायामशिक्षक, गळ्यातली शिट्टी ते सभेतही काढत नसत. मनाने वाईट नव्हते, पण घाईचे होते. ते म्हणाले, "ही फितुरी आहे. येत्या सभेत काढायचं त्यांना. सर, तुमचं ते अकरावं कलम काय ते बघून घ्या."

सरांनी बघून घेतलं. आरोपपत्र लिहिलं, बाईंच्या हातात दिलं, पोच घेतली, पंधरा दिवस मोजले. बाईंनी उत्तर पाठवलं ते एका ओळीचं: 'मला जे सांगायचे आहे ते मी कलम अकराप्रमाणे समक्ष सांगेन.' ते वाचून सरांना बरं वाटलं. आपलं कलम कुणीतरी वापरतंय, याचा त्यांना अभिमान वाटला, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.

आणि शुक्रवारी मोकळ्या तासाला त्यांनी इतिवृत्त लिहिलं. विषय पाचवा. 'उपाध्यक्षांना समक्ष बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले. त्यांचा खुलासा समाधानकारक न वाटल्याने त्यांना पदावरून दूर करण्यात येत आहे.' अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

शनिवारी बाई वेळेवर आल्या. त्यांचा विषय येईपर्यंत त्यांनी बाहेर थांबायचं, असं ठरलं होतं. व्हरांड्यात लहान मुलांचा एक बुटका बाक होता, त्यावर गुडघे जवळ घेऊन त्या बसल्या. मांडीवर कागदांची पिशवी होती. आत पहिल्या चार विषयांनीच वेळ खाल्ला. पाचवा विषय आला तेव्हा घड्याळात पावणेसहा झाले होते आणि शिपाई दारातून एकदा डोकावून गेला होता.

अध्यक्ष म्हणाले, "हा विषय सगळ्यांना माहीतच आहे. कुणाला काही बोलायचंय?" दोघातिघांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग मंजूर?" हात वर गेले. "सहावा विषय."

सरांच्या समोर वही उघडी होती. हात वर गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. बाईंना बोलावायचं राहिलं. ते बोलणारच होते. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात नजर वहीवर गेली. 'ऐकून घेण्यात आले.' स्वतःच्या अक्षरात, निळ्या शाईत, वाळलेलं. आणि एक क्षण, देवाशपथ, त्यांना खरंच वाटलं, की ते होऊन गेलंय. क्षण सरला तोवर सहावा विषय निम्मा झाला होता. आता मध्येच उठून मागे जायचं म्हणजे अध्यक्ष चिडणार, शिपाई कुरकुरणार, पान फाडावं लागणार. सरांनी पेन उचललं. सूचकाचं नाव भरलं, अनुमोदकाचं भरलं.

बाहेर आले तर बाई उठून उभ्या राहिल्या. पिशवीतून कागद काढून त्यांनी हातात नीट धरले होते.

"बोलावताय ना, सर?"

"झालं, बाई."

"काय झालं?"

"ठराव झाला."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सर चपला घालायला खाली वाकले आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकूनच राहिले. वर पाहिलं तेव्हा व्हरांडा रिकामा होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर त्याला चूक म्हणता आलं असतं. पण बाईंनी संघटनेच्या वरच्या महासंघाकडे अपील केलं: मला ऐकून घेतलं नाही. महासंघाने इतिवृत्ताची प्रत मागवली. सरांनी ती लिहिली, खाली 'खरी प्रत' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. शिक्का जरा तिरका उमटला, पण तेव्हा खाली यंत्र चालू होतं, त्यामुळे तो दोष यंत्रावर ढकलता आला. महिन्याभरात उत्तर आलं: सुनावणी झाल्याचं दफ्तरावरून दिसत असल्याने अपील फेटाळण्यात येत आहे. व्हरांड्यातली चूक त्यांच्या हातून घडली होती. हा शिक्का मात्र त्यांनी मारला होता.

त्यानंतरची नऊ वर्षं सर तसेच जगले जसे सगळे जगतात. तास घेतले, पेपर तपासले, सभा भरवल्या. फक्त इतिवृत्त आधी लिहिणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं आणि त्याचं कारण कुणाला सांगितलं नाही. बाजारात बाई समोरून दिसल्या की सर दुकानात शिरत. एकदा गडबडीत बायकांच्या कपड्यांच्या दुकानात शिरले आणि काहीतरी घ्यायलाच हवं म्हणून बायकोसाठी एक परकर घेऊन आले. बायकोने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "काय लपवताय?" सर म्हणाले, "काही नाही." तिने तो नेसायला कधीच काढला नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा संघटनेने निरोप समारंभ केला. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "या माणसाच्या बावीस वर्षांच्या दफ्तरात एक खाडाखोड सापडणार नाही!" टाळ्या पडल्या. सरांच्या गळ्यात हार होता आणि त्याखाली त्यांना श्वास घेता येईना. मागच्या रांगेत चित्रकलेच्या बाई बसल्या होत्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या, हळूहळू, बाकीच्यांबरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका होती. तिने कप खाली ठेवला.

"रुग्णाला न तपासता 'तपासलं' असं मी लिहिलं असतं, तर मला घरी बसवलं असतं," ती म्हणाली. "आणि बरोबरच केलं असतं."

"मग काय करू?"

"मला काय विचारता? कलमं तुमची."

सर तीन दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी संघटनेला पत्र लिहिलं. ते अजून संघटनेचे मानद सल्लागार होते, म्हणजे पदाधिकारीच. 'माझ्या हातून खोटे इतिवृत्त लिहिले गेले व त्याची खोटी प्रत मी खरी म्हणून दिली. सबब कलम अकराप्रमाणे माझ्यावर कारवाई व्हावी.' बायकोने वाचलं आणि म्हणाली, "माझ्यावर कारवाई करा म्हणून अर्ज करणारा हा जगातला पहिलाच माणूस असेल." पण पाकीट तिनेच चिकटवलं.

अध्यक्ष धावत घरी आले. "अहो सर, झालं गेलं! कुणाच्या लक्षात आहे आता?"

"एका बाईंच्या आहे."

"त्या काही बोलल्यात का इतक्या वर्षांत?"

"त्यांना बोलू दिलं नाही, हेच तर लिहिलंय मी."

अध्यक्ष शिट्टीशी चाळा करत बसले. मग, नाइलाज झाल्यावर का होईना, त्यांनी सगळं नियमाप्रमाणे केलं. सरांना लेखी आरोप मिळाला, पोच घेतली गेली, पंधरा दिवस मोजले गेले. सुनावणी कार्यालयातच ठेवली; त्या दिवशी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, खालच्या छापखान्याला तासभर यंत्र बंद ठेवायची विनंतीसुद्धा केली. छापखानेवाल्याने ती मानली, हेही पहिल्यांदाच घडलं.

सर पावणेदोन तास बोलले. शुक्रवारचा मोकळा तास, वाळलेली शाई, चपला, शिक्का, काही म्हणजे काही वगळलं नाही. मध्ये दोनदा ते पाणी प्यायले, तेव्हा सगळे थांबले. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. बोलून झालं तेव्हा त्यांचे खांदे कित्येक वर्षांनी खाली आले. कार्यकारिणीने त्यांना सक्त ताकीद दिली, त्यांच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आणि दुसरा ठराव केला: उपाध्यक्षांना ऐकून घेण्यात आले नव्हते, सबब नऊ वर्षांपूर्वीचा निर्णय रद्द समजावा. अध्यक्षांनी तर सरांना मिठीच मारली. जिना उतरताना सरांना शीळ घालावीशी वाटत होती, आणि मला विचाराल तर तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

ठरावाची प्रत घेऊन ते त्याच आठवड्यात बाईंच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावरचं लहान घर. टेबलावर मुलांच्या चित्रांचा गठ्ठा आणि लाल पेन्सिल होती. कोपऱ्यात एक पलंग होता, गादी गुंडाळून ठेवलेला. बाई आता एकट्याच राहत होत्या.

त्यांनी ठराव उभ्यानेच वाचला. मग खुर्ची पुढे केली आणि स्वतः समोर बसल्या.

"मी निर्दोष होते असं यात लिहिलंय का कुठे?"

"तसे शब्द नाहीत," सर घाईने म्हणाले, "पण निर्णय रद्द म्हणजे..."

"नाही लिहिलंत ते बरं केलंत. कारण मी गेले होते साहेबांकडे."

सरांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

"लिहू नका, सर. नुसतं ऐका."

त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"आईचं डोकं तेव्हा ठिकाणावर राहत नव्हतं," बाई म्हणाल्या. "गॅस चालू ठेवून रस्त्यावर निघून जायची. आणि माझी बदली झाली ती दोन बस बदलून जायच्या शाळेत. मी साहेबांसमोर रडले. त्यांनी माझं नाव खोडलं आणि माझ्यादेखत त्या जागी दुसरं लिहिलं. शिवणकामाच्या बाईंचं. मी बघत होते, सर. 'नको' म्हणाले नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"घरी आल्यावर घास उतरेना. तुमचं आरोपपत्र मिळालं तेव्हा खरं सांगते, हायसं वाटलं. चार कागद लिहून काढले. मी गेले होते, मी चुकले, पद काढून घ्या. पण शिष्टमंडळ पाठवून शिवणकामाच्या बाईंचं नाव यादीतून काढा आणि माझं परत घाला. आईचं काय ते मी बघेन. पाठ केलं होतं सगळं, ऐन वेळी रडू नये म्हणून."

"मग नंतर तुम्ही..." सर म्हणाले. "नंतर का नाही सांगितलंत?"

"नंतर तुमचं इतिवृत्त वाचलं. 'खुलासा समाधानकारक न वाटल्याने.' कुठला खुलासा? मी तोंडच उघडलं नव्हतं, आणि सगळ्या शाळांत झालं की बाईंनी सभेत थापा मारल्या. मग मला राग आला. म्हटलं, यांना सगळं आधीच ठाऊक आहे ना, मग आता माझ्याकडून एक शब्द मिळणार नाही. अपिलातसुद्धा एवढंच लिहिलं की ऐकलं नाही. बाकीचं बोलावतील तेव्हा सांगू. तिथून तुमची खरी प्रत परत आली."

त्या थांबल्या. गठ्ठ्यातलं एक चित्र उचललं, परत ठेवलं.

"त्या हट्टात सहा वर्षं गेली. सहा वर्षं शिवणकामाच्या बाई दोन बस बदलत राहिल्या. तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांना वाटतं साहेबांच्या कार्यालयानं केलं. अजून भेटल्या की मलाच म्हणतात, 'तुमच्यावर फार अन्याय झाला हो.'"

"त्यांना तुम्ही अजून..."

"तुम्हाला किती वर्षं लागली, सर?"

"नऊ."

"मलाही तेवढीच झालीत."

सर खाली मान घालून बसले. नऊ वर्षं त्यांची समजूत होती, की आपण एका निरपराध बाईंचं नाव घालवलं. आणि ते पाप ते मोठ्या निगुतीने सांभाळत आले होते. घालवलं होतं ते नाव नव्हतंच. आपण यांची कबुली घालवली होती, क्षमा मागायची वेळ घालवली होती, आणि तिच्यामागून एका तिसऱ्याच बाईची सहा वर्षं. आणि तीच वेळ आपण स्वतःसाठी मात्र अर्ज करून, मुदत घेऊन, यंत्र बंद ठेवायला लावून वसूल केली. लाजेने त्यांचे कान तापले. असली लाज त्यांना सुनावणीतही वाटली नव्हती.

"सुनावणीत किती वेळ बोललात तुम्ही?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"पावणेदोन तास."

"हलकं वाटलं?"

खोटं बोलायची सोय आता राहिली नव्हती. "हो," सर म्हणाले. "खूप."

बाईंनी ठरावाची घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"मला दहा मिनिटं पुरली असती."